ह्यांनी धरलेली सायकल

लग्न होऊन लालबागला आल्यावर कालिंदीवहिनींनी नवऱ्याकडे दागिना मागितला नाही, माथेरान मागितलं नाही. सायकल शिकवा म्हणाल्या. आनंदा तावडे तेव्हा गोदीत होते आणि रोज सायकलनेच कामावर जायचे. त्यांनी बायकोच्या पाचवारी साडीकडे एकदा पाहिलं. "साडी अडकतली गो चाकात," म्हणाले आणि विषय मिटला. पुढची कैक वर्षं वहिनी त्याच सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन परळपर्यंत जाऊन आल्या. तावडे पुढे, वहिनी मागे. आमच्या चाळीला दुसरं काही सुचायचंही नाही.

वहिनी विमा कचेरीतून निवृत्त झाल्या, त्याच सुमारास मुलाचा, शंतनुचा, मिलानहून फोन आला. "आई, मे महिन्यात या दोघं. इथल्याच एका खेड्यात शेतावरच्या घरात खोल्या घेतोय आठवडाभर. मी, रुचा, तुम्ही. रोज सायकलने थोडं फिरायचं, कुठंतरी कॉफी प्यायची, परत यायचं. रेस नाही, एकदम रमतगमत."

"मी काय करू तिथं? चाकात हवा भरू?"

"तू बस ना मस्त अंजिराच्या झाडाखाली. आराम कर."

फोन ठेवला तेव्हाच वहिनींनी ठरवलं, झाडाखाली काही बसायचं नाही.

"चालायला जाते," असं सांगून त्या सकाळच्या बसने दादरपलीकडे फाइव्ह गार्डनला जायला लागल्या. माहीमच्या कोळीवाड्यातली तेजस्वी तिथे मोठ्या वयाच्या बायकांना सायकल शिकवते. तोंडाने तिखट पोरगी. "काकू, चाकाकडं बघू नका, चाक काय पळून जात नाय. समोर बघा," असं ओरडत मागून पळायची. वहिनी पडल्या, ढोपर सोलवटलं, ते घरी "फुटपाथवर ठेचकाळले" म्हणून खपवलं. आणि एका सकाळी तेजस्वीचा आवाज बराच मागून यायला लागला. वहिनींनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पडल्या असत्या.

"घरी का नाय सांगत ओ काकू?" तेजस्वीने विचारलं.

"सांगायचं नाही, दाखवायचं आहे. तिकडे सगळ्यांच्या देखत टांग टाकून ह्यांच्या पुढून निघून जाणार. मागं बसून बसून ह्यांची पाठ पाठ झालीय मला. आता माझी बघू देत."

तेजस्वी हसून हसून कट्ट्यावर बसली.

कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे वहिनींच्या हाडात मुरलेलं. भाड्याने घेतलेलं असलं तरी ते कुणाचं तरी घरच. म्हणून मिरची गल्लीतून कुटून आणलेला मालवणी मसाला आणि भाजलेलं सुकं खोबरं त्यांनी बॅगेत कपड्यांच्या मधोमध दडवून नेलं. घर दगडी होतं, टेकडीच्या पोटाशी, भोवती ऑलिव्हची झाडं आणि खाली हिरव्या गव्हात लाल खसखशीची फुलं. घरमालकीण ग्रात्सिएला वहिनींच्याच वयाची, तशीच गोल. तिने मसाल्याची पुडी उघडून वास घेतला, शिंकली, आणि हाताने विचारलं, हे करतात कसं?

आता दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, सांगेन नंतर. वहिनींनी पदर खोचला.

त्यामुळे पहिल्या सकाळी चार सायकली अंगणात उभ्या राहिल्या तेव्हा वहिनी चुलीपाशी होत्या आणि कोंबडी अर्धी शिजली होती. चौथ्या सायकलीला पुढे वेताची टोपली होती. शंतनुने ती चारही माणसांच्या हिशेबाने मागवलेली. "आई, येतेस का? मी हळूहळू धरून नेतो."

वहिनी तोंड उघडणार, तेवढ्यात तावडे बोलले. "तिका खंय जमता? रवांदे तिका. ती हयसर खूश आसा."

वहिनींनी कढईकडे पाहिलं. कोंबडी सोडून कसं जायचं? उद्या, असं मनाशी म्हणाल्या.

ती कोंबडी गाजली. शेजारच्या खोल्यांतलं जर्मन जोडपं नाक पुसत पुसत पावाने ताट साफ करत होतं. तावड्यांची छाती फुगली. सगळी उमर गोदीत परदेशी खलाशांशी बोललेला माणूस, इंग्रजीला घाबरतो थोडाच. "टुमारो फिश! माय वाइफ, नंबर वन," त्यांनी जाहीर करून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनाही गोड वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कचेरीत जन्मभर कुणी टाळी वाजवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्रात्सिएला तळ्यातले मासे साफ करूनच घेऊन आली. मग वांगी. मग कोंबडी पुन्हा, कारण जर्मन बाईने हट्ट धरला. रोज सकाळी तीन सायकली उतारावरून निघायच्या, हसण्याचे आवाज गव्हात विरायचे, आणि चौथी भिंतीला टेकून उभी. वहिनी कांदा चिरता चिरता खिडकीतून तिच्याकडे बघायच्या. सुनेने, रुचाने, एकदा विचारलं, "आई, तुम्हाला कंटाळा नाही ना येत?"

"छे गं. घरच्यासारखंच आहे," वहिनी म्हणाल्या. ते अगदी खरं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी गाठ मारून कमरेला बांधली, आणि ग्रात्सिएला कोबी घेऊन आली तेव्हा मान हलवली. नाही. ग्रात्सिएलाने बिचारीने लगेच कोबी खाली ठेवला. तिला एकदा सांगितल्यावर समजलं.

बाकीचे अंगणात चहा पीत होते. वहिनींनी सायकल भिंतीपासून काढली, तिच्यावर बसल्या, एक पाय जमिनीला. समोर बघितलं. पेडल दाबलं. अंगणातली खडी जरा सरकली, हँडल इवलंसं हललं, तेवढंच.

"पडशील गो!"

कप टाकून तावडे धावले. गुडघे दुखतात म्हणून चाळीचा जिना थांबत थांबत चढणारा माणूस, पायात सपाता, आणि चार ढांगांत येऊन त्यांनी कॅरिअर पकडलं. "भियां नको! मी आसंय! मी धरलंय!"

"सोडा हो," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक निघाला.

"सोडतलंय कसो? तू मार पेडल!"

शंतनुने मोबाइल वर धरला. जर्मन जोडपं टाळ्या वाजवू लागलं. वहिनींच्या पायांत जोर होता. दोनदा दाबलं असतं तर सायकल हातातून सुटून उताराला लागली असती, आणि तावडे खडीवर तोंडघशी. त्यांनी मान किंचित वळवली. म्हाताऱ्याचा चेहरा घामाने निथळत होता आणि असा आनंदी दिसत होता, जसा शंतनु झाला त्या दिवशी दिसला होता. वहिनींनी पाय सैल सोडले. फाटकापर्यंत दोघं तशीच गेली, आणि तशीच परत आली. मग तावड्यांना धाप लागली. दुपारी टेम्पो येऊन सायकली घेऊन गेला.

चाळीत ती क्लिप सगळ्यांनी पाहिली. "ह्या वयात बायकोक सायकल शिकवलंय, ता पण इटलीत," तावडे गॅलरीत खुर्ची टाकून सांगायचे. चौथ्या खोलीतली रश्मी म्हणाली, "वहिनी, नशीब काढलंत. आमचे हे साधा मोबाइल शिकवत नाहीत."

"हो गं. हे होते म्हणून," वहिनी म्हणाल्या.

तेजस्वीचा फोन आला होता. काकू, दाखवली काय पाठ? वहिनींनी गुडघा धरलाय म्हणून सांगितलं, परत गेल्या नाहीत.

तावड्यांनी आता जुनी सायकल माळ्यावरून काढून तेल घातलंय. रविवारी सकाळी चाळीमागच्या मैदानात दोघं दिसतात. ते मागे कॅरिअर धरून, गुडघा सांभाळत, लंगडत. कधी कधी त्यांचा हात निसटतो आणि सायकल चार हात सरळ, सुरेख जाते. मग हात सुटल्याचं वहिनींच्या ध्यानात येतं. त्या हँडल जरासं वाकडं करतात, डगमगतात, आणि तावड्यांनी पुन्हा धरायची वाट बघतात.