आजीची छडी खिडकीत होती

कंधारवाल्यांनो, रागात लिहून राहिलेय. गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका.

आज दुपारी आजीच्या शाळेत तिची शोकसभा होती. आजी म्हणजे तुमच्या बाई. सगळी नोकरी तिनं तिथंच पहिली-दुसरीला शिकवण्यात घालवली. मी लातूरहून मुद्दाम आले होते.

तिचा एक जुना विद्यार्थी, आता रस्त्यांची कंत्राटं घेणारा मोठा गुत्तेदार, माईक हातात घेऊन म्हणाला, "बाईंनी मला लई हाणलं, म्हणून आज मी हितं हाय!" टाळ्या पडल्या. मग जो उठला तो आपण खाल्लेला मार सांगायला लागला.

साफ खोटं. मी तिच्याच वर्गात शिकले. आजीनं कधी कुणावर हात उचलला नाही. शाळेनं दिलेली छडी तिनं खिडकीत आडवी बांधली होती आणि फळा पुसायचं ओलं फडकं त्यावर वाळत घालायची.

गुत्तेदार आताच्या सरांनाही म्हणाला, "सर, तुमी बी बिनधास्त हाणा. आमी तक्रार करणार न्हाई." सर हसले. समोर सतरंजीवर बसलेली लेकरं हसली नाहीत.

मी उठून छडीचं खरं काय ते सांगितलं. तर गुत्तेदार म्हणतो, "ताई, चिडता कशाला? बाईंचं कौतुकच करून राहिलो की!"

ज्या दुसऱ्या मास्तरांनी तुम्हाला खरंच हाणलं, त्यांचं नाव घ्यायची तुमची अजून हिंमत होत नाही. आजी मात्र आता उठून 'हे खोटं आहे' असं म्हणू शकत नाही. स्वतःची लेकरं बडवून घ्यायला तुम्हाला माझी मेलेली आजीच सापडली का?