शेवाळाचे डोहाळे

अफजलपूरच्या अलीकडं, साखर कारखान्याच्या भिंतीला लागून चंद्रम्माचं रान आहे. रान म्हणायचं आपलं सवयीनं. भीमेचं पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी ऊस लावला, तिच्या नवऱ्यानंही लावला, आणि पाणी आहे म्हणून पाजतच राहिला. कुणी अडवलं नाही, कारण अडवणारेही तेच करत होते. मग जमिनीला मीठ फुटलं. आधी खालचा कोपरा पांढरा पडला, मग मधला पट्टा, मग ऊस गुडघ्याच्या वर चढेना, मग ज्वारी उगवेना. एका वर्षात झालं असतं तर बाई एकदाच रडून मोकळी झाली असती. पण ते पंधराएक वर्षं चाललं, आणि दरवर्षी वाटायचं, औंदा जरा बरं दिसतंय.

चंद्रम्मा मुळात बसणारी बाई नव्हे. पायाला भिंगरी. पीक नसलं तरी सकाळी भाकरी थापून झाली की निघाली रानाकडं.

"कामून जातीस गं तिथं? काय ठिवलंय?" महादेवप्पा, तिचा नवरा, ओट्यावरून विचारायचा. गुडघे गेल्यापासून त्याचा मुक्काम ओट्यावरच.

"तुमी बसा की," ती म्हणायची. "बसायचं काम तुमी लई चांगलं करताव."

जाऊन करायची काय? बांधावरचं गवत उपटायची, इकडचे दगड तिकडं करायची. लोक हसायचे. हसोत बापडे. ज्याचं रान पिकतं त्याला हसायला काय जातं!

अशात हैदराबादची एक कंपनी आली आणि तिनं नेमकं हेच रान भाड्यानं मागितलं. बोलायला आली ती नेत्रा, कलबुर्गीच्या एका मास्तरांची लेक, शिकलेली, पण कानडी आणि मराठी दोन्ही घरच्यासारखं बोलणारी. तिनं चंद्रम्माला बांधावर बसवून सगळं सांगितलं. कारखान्यात मळी आंबवून स्पिरिट काढतात. आंबताना तिच्यातून गॅस निघतो आणि सरळ आभाळात जातो. असल्याच गॅसनं वरचं हवामान बिघडत चाललंय. तो गॅस पाईपनं इथं आणायचा, खाऱ्या पाण्याच्या हौदात सोडायचा आणि त्या हौदात शेवाळ वाढवायचं. शेवाळ तो गॅस पितं आणि फोफावतं. मग शेवाळ गाळायचं, वाळवायचं आणि खोल खड्ड्यात पुरून टाकायचं, म्हणजे गॅस पुन्हा वर जायला नको.

"पुरायचं?" चंद्रम्मा म्हणाली. "खायाचं न्हाई? इकायचं न्हाई?"

"नाही आक्का. पुरायचंच."

"पीक काढायचं आन् पुरायचं! शिवशिव. आमी तर येडे म्हणून बदनाम हावंत, तुमी शिकून येडे झालाव."

नेत्रा हसली. पण चंद्रम्मानं रान दिलं, आणि भाड्यासाठी दिलं नाही. नेत्रा बोलता बोलता म्हणून गेली होती, "आम्हाला खारं पाणीच पाहिजे, तुमच्या विहिरीचं पाणी अगदी मनासारखं आहे." त्या विहिरीला कित्येक वर्षांत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तिला ते इतकं गोड लागलं, की घरी जाईपर्यंत तेच तोंडात घोळवत होती.

हौद झाले, काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी ढवळायला चाकं बसली. चाकं आणि गॅसची तोटी बघायला करजगीचा राजपाल आला. फेस काढणं, काठ धुणं, पाखरं हाकलणं हे काम चंद्रम्माला मिळालं. जन्मभर जनावरांच्या हौदातलं शेवाळ काथ्यानं खरवडून काढलेली बाई, आता शेवाळाची राखण करायला लागली. पहिले दिवस तिला स्वतःचंच हसू यायचं. मग एका सकाळी ती आली आणि सगळे हौद हिरवे होते. नुसते हिरवे नव्हे, भर पावसाळ्यात उडदाचं रान दिसतं तसे गच्च. तिच्या रानात. ती काठावर उभी राहून ढसाढसा रडली. राजपालनं विचारलं, "काय झालं आक्का?" तर म्हणाली, "काय न्हाई रे, डोळ्यात गॅस गेला."

आता वेळ अमावस्या. आमच्या या भागात या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणजे भुई पोटुशी असते, आणि पोटुशीचे डोहाळे पुरवायला नकोत? घरोघरी भज्जी, उंडे, शेंगाच्या पोळ्या, आणि आंबील तर हवीच: ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवलेली, लसूण-जिऱ्याची. ती रानभर शिंपडायची, त्याला म्हणायचं चर शिंपणं. रानाच्या पोटी काहीच नसताना चर कुणाला शिंपायचा? म्हणून चंद्रम्मा कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या रानात पाहुणी म्हणून जेवत होती. पाहुणीच्या पानात चार पदार्थ जास्त वाढतात, पण घास खाली उतरत नाही.

यंदा तिनं पहाटेपासून चूल थंड होऊ दिली नाही. नेत्रा सुट्टीवर घरी गेली होती, राजपाल करजगीला आपल्या रानात. हौदांवर ती एकटीच. डोक्यावर आंबिलीची घागर, हातात लिंबाचा डहाळा. हौदांच्या काठाकाठानं तिनं चर शिंपला. मग शेवटी बियाच्या टाकीपाशी आली. ही टाकी लहान, झाकणाची. हिच्यात शेवाळाचं बी वाढायचं आणि इथून ते सगळ्या हौदांत जायचं. चंद्रम्माच्या हिशोबानं खरी पोटुशी हीच. तिनं झाकण उघडलं आणि उरलेली घागर आत ओतली.

"पी माय," ती म्हणाली. "पोटभर पी."

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. लावा, पण अडाणी म्हणू नका. हात धुऊन ये, चपला बाहेर काढ, साबणाचा थेंब आत जाऊ देऊ नको, सगळं तिला सांगितलं होतं आणि सगळं ती पाळत होती. आंबील ओतू नको, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला शेवाळ म्हणजे नुसतं काम होतं, त्याच्या डोक्यात ते येणार तरी कसं!

नेत्रा परत आली. टाकीतलं बी सगळ्या हौदांत सोडायची पाळी होती, तिनं झाकण न उघडता खालच्या नळानं सोडलं. दोनचार दिवसांत हौदांवर फेस धरला. पाणी हिरव्याचं पिवळट झालं. मग वास सुटला, आंबूस, नाकात बसणारा. नेत्राचं जेवणखाण सुटलं. तिनं गॅसची तोटी तपासली, चाकं तपासली, राजपालला फाडून खाल्लं. मग मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला आणि चंद्रम्माला बोलावलं.

"बघा आक्का. हे फिरणारे दिसतात ना? हे शेवाळ खायलेत."

चंद्रम्मानं डोळा लावला. बारीक जीव सरासरा पळत होते, भुकेले.

"कुठनं आले म्हणायचं हे?"

"तेच कळंना. आधी कशावर तरी पोसले असणार. पाण्यात काहीतरी खायला पडलंय."

वास चंद्रम्मानं आधीच ओळखला होता. शिळ्या आंबिलीचा वास कुठल्या बाईला कळत नाही! त्या दिवसापासून तिला कुठं थारा उरला नाही. हौदावर आली की बघवेना, घरी गेली की राहवेना. भाकरी तव्यावर टाकून अंगणात यायची, भाकरी करपायची. विहिरीवर जायची आणि कळशी न भरताच परतायची. रस्त्यात कुणी हाक मारली तर दचकायची.

शेवटी तिनं महादेवप्पाला सांगितलं. त्यानं दाढी खाजवली.

"गप बस," तो म्हणाला. "टाकीला काय तोंड हाय? कोण सांगायलंय तुजं नाव?"

"आन् मी?"

"तू काय?"

"मला तोंड हाय न्हवं?"

"तेच तर बंद ठिव म्हणालोय मी."

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब संकर्षणराव हैदराबादहून आले. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. नाकाला रुमाल लावून त्यांनी हौदांची फेरी मारली, विहिरीत वाकून पाहिलं.

"नेत्रा, कारण सापडत नाही म्हणजे पाण्यातच दोष आहे," ते म्हणाले. "ही विहीर खराब. पुन्हा बी टाकलं तरी असंच होणार. निंबर्ग्याकडं एक जागा दाखवलीय, तिकडं सामान हलवू. इथलं बंद करा."

चंद्रम्मा फेसाची जाळी धरून उभी होती. तिनं जाळी खाली टाकली.

"सायेब, इहिरीला नावं ठिवू नका."

"बाई, तुम्हाला यातलं…"

"मला म्हायती हाय. इहीर चांगली हाय. मी केलंय हे. अमावस्येला टाकीत मी आंबील ओतलीय."

साहेब नेत्राकडं बघायला लागले. "आंबील म्हणजे?"

नेत्रानं डोळे मिटले. त्या दिवशी कलबुर्गीत तीही दोन वाट्या आंबील प्यायली होती. "पीठ आणि ताक, सर. आंबवलेलं." मग चंद्रम्माकडं वळून ती ओरडलीच, "किती ओतलीत, आक्का?"

"घागर."

"अहो पण कशाला?" साहेबांचा आवाज चढला. "कशाला ओतायची?"

चंद्रम्माला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "कशाला म्हंजे? पोटुशी न्हाई का ती? इतक्या वर्सांनी माज्या रानाच्या पोटात कायतरी आलतं. तिला तसंच उपाशी ठिवू? तुमी नुसतं वाळवून वजन करताव, कुणी तिला दोन घास इचारले का?"

राजपाल तोटीकडं तोंड करून उभा राहिला.

मग साहेब आणि नेत्रा बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. निकाल नेत्रानं येऊन सांगितला. कारण कळलं, म्हणजे विहीर निर्दोष. जागा इथंच राहील, हैदराबादहून नवं बी येईल. पण आताचं सगळं मारावं लागेल, हौद अन् टाकी, सगळं. एक जरी किडा उरला तरी नवं बीही तो खाणार. आणि, इथं नेत्राचा आवाज खाली आला, आक्कांनी यापुढं कुंपणाच्या आत यायचं नाही.

चंद्रम्मानं मान हलवली. रान राहिलं, आपण गेलो. तिला हिशोब कळला, आणि कळल्यावर तो गिळणं सोपं झालं असं मुळीच नाही.

"मारायचं कशानं?"

"ब्लिचिंग पावडरनं. राजपाल टाकेल."

"राजपाल न्हाई. मी टाकते."

"आक्का, राहू द्या."

"मी खाऊ घातलं, मीच मारते. मग जाते भाईर."

तिला हातमोजे दिले, तोंडाला फडकं बांधलं. हौदाहौदावर ती पावडर सोडत गेली. पिवळट पाणी आधी तपकिरी झालं, मग मळकट. वासानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि यावेळी कुणीच काही विचारलं नाही. शेवटी बियाच्या टाकीवर आली. झाकण काढलं. आत तळाशी कुठं कुठं अजून हिरवं होतं. तिचा हात तिथंच थांबला.

नेत्रानं ते पाहिलं. ती जवळ आली. "पुरे आक्का. एवढ्यानं मरंल ते हळूहळू. बाकीचं उद्या राजपाल बघंल."

"हळूहळू न्हाई," चंद्रम्मा म्हणाली. "माजं रान हळूहळू मेलं. रोज येऊन बघितलंय मी."

आणि तिनं सगळा डबा टाकीत पालथा केला.