बाबांचा अंगठा

आज माझ्या घरी नवा राउटर बसला आणि बाबांनी सवयीने त्याची वायर अंगठ्याने दाबून धरली.

हमालीने जाड झालेला तो अंगठा मी ओळखते. कित्येक वर्षांपूर्वी माझा बी.एस्सी.चा निकाल आम्ही शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरवर पाहत होतो. तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीतून यायचं. जोड सैल होता, म्हणून बाबा तो दाबून उभे होते. मोडेम किंचाळत असतानाच काकूंनी आतल्या खोलीतला, त्याच लाइनवरचा फोन उचलला.

"अगंबाई, यात कुणीतरी रडतंय!"

"वहिनी, ठेवा तो! पोरीचा निकाल रडतोय!"

लाइन तुटली, पुन्हा लावली. अंगठा मात्र हलला नाही.

स्थिर वस्तूवर बलं नसतात असं नाही, ती संतुलित असतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कळलं मात्र त्या दिवशी. वायर सुटू पाहत होती, बाबा सुटू देत नव्हते, आणि पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस नुसता उभा आहे.

पडद्यावर सावकाश माझं नाव उतरलं, पुढे 'उत्तीर्ण'. आमच्या घरातली पहिली पदवी.

"आता सोडू का?" बाबांनी तेव्हा विचारलं होतं. आजही तेच विचारलं.

राउटरचा हिरवा दिवा केव्हाच लागला होता. तरी मी म्हटलं, "धरा अजून थोडा वेळ."