नदीची वाटणी करणाऱ्या निमगडेबाई

निमगडेबाई बसमध्ये कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत. ती सीट रिकामी नसली, तर बसलेल्या माणसाला इतक्या गोडीनं उठवत की आपण का उठलो हे त्याला उतरेपर्यंत कळत नसे. त्यांना समोरचा रस्ता दिसायला हवा असे. पावसाळ्यात एकदा बेल्याच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. जैनथ गाव मागे पडलं आणि बाई एकदम उभ्या राहिल्या. "आपंडी, आपंडी," म्हणजे थांबवा, असं त्यांनी ड्रायव्हरला तेलुगूत सांगितलं. बस थांबली. बाई उतरल्या, रस्त्याच्या मधोमध चाललेलं एक कासव दोन्ही हातांनी उचललं आणि ते ज्या बाजूला निघालं होतं त्या बाजूच्या गवतात नेऊन ठेवलं.

"बाई, कासवासाठी बस थांबोता काय?" मागून एका शेतकऱ्यानं विचारलं.

"अंडे घालाले चालली असंन बिचारी," पदराला हात पुसत बाई म्हणाल्या.

"तुमाले कसं मालूम?"

"मले नाई मालूम. पन असू शकते ना."

सगळी बस हसली. ड्रायव्हरही हसला. पुढे त्या रस्त्यावर बाई गाडीत असल्या की तो ओल्या रस्त्यावर आपणहून गाडी हळू घेई.

तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं. बाई तिथल्या मंडल ऑफिसात, म्हणजे आपल्याकडच्या तहसील कचेरीत, क्लार्क होत्या. जमिनींच्या हद्दी, भावाभावांच्या वाटण्या, बांधावरची भांडणं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांची आई जैनथकडच्या वावरांत कापूस वेचायची. शिकून खुर्चीवर बसलेल्या त्या घरातल्या पहिल्या. बुद्धविहाराच्या गल्लीत त्यांचं छोटंसं घर होतं. नवरा शिक्षक, मुलगी नर्स. घरात आवाज बाईंचाच. महसूल खात्यात जागेवर जाऊन पाहणी करण्याला 'मौका पाहणं' म्हणतात. बाईंनी तो शब्द ऑफिसातून उचलून सगळ्या आयुष्याला लावला होता. मुलीला स्थळ आलं, शेजाऱ्यांचं भांडण झालं, कुणी कुणाबद्दल वाईट बोललं, की बाईंचं ठरलेलं वाक्य येई, "आधी मौका पाहू, मंग बोलू."

आमचं निसर्गमंडळ म्हणजे आम्ही मोजके लोक आणि आमच्यात मिळून एक दुर्बीण. मी बँकेत होतो. आमचे पुढारी राव सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. घरी तेलुगू, आमच्याशी हिंदी आणि रागावले की मराठी, अशी त्यांची तीन भाषांची वाटणी होती. रविवारी सकाळी आम्ही मावल्याच्या तलावावर पक्षी पाहत असू. बाई पहिल्यांदा आल्या त्या छत्री आणि भाकरीचा डबा घेऊन. बराच वेळ त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. मग ती राव सरांच्या हातात देत म्हणाल्या, "लय साजरे हायेत. पन आपन यांच्यासाठी करून काय राह्यलो?"

"निरीक्षण," सर म्हणाले.

"ते झालं. दुसरं?"

सरांनी डब्यातली भाकरी घेतली आणि विषय बदलला. पण तो प्रश्न आमच्यातच राहून गेला.

त्याचं उत्तर द्यायची वेळ दिवाळीनंतर आली. बेला मंडलात, पैनगंगेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या मराठी शाळेच्या मास्तरांनी निरोप पाठवला की नदीतलं एक पाणमांजर मारलंय, कातडं काठावर वाळतंय, आणि कातडी घेणारा एक माणूस गावात चकरा मारतोय. पाणमांजरं आमच्या भागात अगदी थोडी उरली होती. राव सरांचं लगेच ठरलं. "कानून का मामला है. सीधा फॉरेस्ट ऑफिस जाएँगे," ते म्हणाले.

"आधी मौका पाहू, सर," बाई म्हणाल्या.

मारणाऱ्याचं नाव किसन शेंडे. जातीनं भोई, नदीवर जगणारा, हाडापेरानं मजबूत माणूस. आम्ही अंगणात गेलो तेव्हा तो भांडणाच्या तयारीतच उभा होता. "तुमी चोरांच्या बाजूनं आल्या ना?" तो म्हणाला. तिथले लोक पाणमांजरांना चोरच म्हणत. "मंग माह्यं जाळं पाहा."

त्यानं जाळं अंगणात पसरलं. माझा खांदा आत जाईल एवढी भोकं पडली होती. बाई खाली बसल्या, एकेका भोकावरून हात फिरवत राहिल्या.

"नवं हाय?"

"औंदाच घेतलं."

"मंग राग येनारच," बाई म्हणाल्या.

किसननं जाळं गुंडाळायला घेतलं. जी बाजू तो मांडणार होता ती बाईंनीच मांडून टाकली होती. मग बाईंनी त्याला नदी दाखवायला सांगितलं. गावाच्या वरच्या अंगाला एक खोल डोह होता. काठावरच्या जांभळाच्या मुळांखाली पाणमांजरांची बिळं होती. बाई इकडून तिकडे फिरल्या, एका खडकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "किसनभाऊ, दोन भावाईचं पटत नसलं तं काय करते?"

"वाटनी."

"मंग करू ना वाटनी. हा डोह त्याइचा. खालची नदी तुमची."

किसनला हसू आलं. "आन् चोर हद्द मानंन काय, बाई?"

"नाई मानली तं तुमचं जाळं आमी शिवून देऊ. दर ऐतवारी येऊ."

राव सरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नव्हतं.

हद्द ठरवायला सकाळ गेली. डोहाखालचा उथळ भाग कुणाचा, यावर किसन अडून बसला. राव सर तो भाग सोडायला तयार नव्हते. बाईंनी सोडला. "थोडं सोडा लागते सर, नाई तं वाटनी टिकत नाई," त्या म्हणाल्या. मग दोन्ही काठांवर चुना लावलेले दगड ठेवले. गावातली माणसं गंमत म्हणून पाहायला आली होती, पण दगड ठेवताना त्यांच्यातलेच दोघं-तिघं हात लावायला पुढे झाले.

त्यानंतर आमचे रविवार नदीकाठच्या एका करंजाच्या झाडाखाली जाऊ लागले. किसनची बायको पार्बता आम्हाला बांबूच्या सुईनं जाळं विणायला शिकवी. बाईंच्या हाताला ते लवकर आलं. राव सर मात्र प्रत्येक गाठीवर विचार करत. पार्बता एकदा त्यांचं काम ताणून पाहत म्हणाली, "सर, तुमच्या गाठीतून मासा नाई, म्हैस निंगून जाईन." सरांनी ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. वर्गात कुणी त्यांना हसलं असतं, तर त्याची काही धडगत नव्हती. पुढे आदिलाबादचा एक शिंपी आमच्यात आला, मग दवाखान्यातला एक कंपाउंडर. पक्ष्यांसाठी कधी न आलेली माणसं जाळ्यांसाठी येऊ लागली. बाई विणता विणता गावच्या बायकांना ऑफिसातल्या कामांची माहिती देत, कुणाच्या सुनेची चौकशी करत, आणि मध्येच म्हणत, "मले इथं लय बरं वाटते. काऊन ते मालूम नाई."

उन्हाळ्यात सगळं विस्कटायची वेळ आली. नदीचं पाणी आटलं, डोहातले मासे कमी झाले आणि पाणमांजरं हद्द ओलांडून खाली येऊ लागली. रोज जाळी फाटू लागली. एका रविवारी आम्ही पोचलो तर करंजाखाली किसन नव्हता. पार्बता खाली मान घालून म्हणाली, "कातडीवाला लोखंडाचे सापळे देऊन गेला. आमच्या याइनं काल सांजच्याले बिळाच्या तोंडाशी लावले."

राव सर उठले. "आता मी कुणाचं ऐकणार नाही. बेल्याला जाऊन फोन करतो." हे ते मराठीत म्हणाले.

बाईही उठल्या. डोहाकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो. किसन खडकावर बसला होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. मला वाटलं, आता त्या सरकारी भाषेत बोलतील. कायदा, शिक्षा, तुरुंग, हे सगळे शब्द त्यांच्यापाशी होते.

"किसनभाऊ, हद्द मोडली," त्या म्हणाल्या.

"त्याइनं आधी मोडली."

"हो, त्याइनंच मोडली. तुमचं जाळं फाटलं, तं आमी शिवून राह्यलो. पन मेलेलं जनावर कोन शिवन?"

किसन पाण्याकडे पाहत राहिला. बाईही पाहत राहिल्या. बिळातून काही हालचाल होते का, याकडे माझं लक्ष होतं; झाली असती तर जनावर सरळ सापळ्यात आलं असतं. बाई मात्र घाई करत नव्हत्या. शेवटी किसन उठला, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला. एका सापळ्यात त्यानं काठी घातली. तो असा खाडकन मिटला की आम्ही दचकलो. काठीचे दोन तुकडे झाले. त्या तुकड्यांकडे किसन काही क्षण बघत उभा राहिला. मग त्यानं उरलेले सगळे सापळे मिटवले आणि बाईंच्या पुढ्यात आणून टाकले.

"घेऊन जा. माह्या घरात नको," तो म्हणाला.

सापळे निघाल्यामुळे फोन राहूनच गेला होता; परतताना बसमध्ये राव सर फुगून बसले होते. बाईंच्या पायाशी सापळ्यांची पिशवी होती. त्या म्हणाल्या, "सर, फॉरेस्टवाले आले असते, किसनभाऊले घेऊन गेले असते. मंग पार्बतानं आपल्याले दारात उभं केलं असतं काय? आन् पानमांजरं तं तिच्याच दारात रायनार हायेत. आपन संध्याकाळी घरी जातो." जैनथ आल्यावर सर म्हणाले, "बरोबर आहे." तेही मराठीत, पण राग नव्हता.

कातडीवाला पुढच्या आठवड्यात सापळे मागायला आला. पार्बतानं त्याला दारातूनच सांगितलं, "तुह्ये सापळे मंडल ऑफिसात जमा हायेत. तिथून घेऊन जा." सापळे खरं तर बाईंच्या पलंगाखाली पडले होते. पण ऑफिसचं नाव ऐकून तो माणूस जो गेला तो परत दिसला नाही. ही गोष्ट सांगताना बाईंना नेहमी हसू फुटे आणि त्या पार्बताचा आवाज हुबेहूब काढत.

त्या हिवाळ्यात आम्ही करंजाखाली बसलो होतो. ऊन नुकतं अंगाला लागत होतं. अचानक पार्बतानं हात वर केला. पलीकडच्या वाळूवर पाणमांजरं बाहेर आली होती, आणि त्यांच्यामागे धडपडत, एकमेकांवर पडत पिल्लं. एका मोठ्यानं मासा वाळूवर टाकला, पिल्लांनी त्यावर झडप घातली आणि चिवचिवाट सुरू झाला. आम्ही सुया हातात धरून तसेच थांबलो. राव सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. किसन वाकून वाकून चुन्याच्या दगडांकडे आणि पिल्लांकडे पाहत होता. मग तो बाईंच्या कानाशी हळूच म्हणाला, "सगळे हद्दीत हायेत, बाई."

बाई निवृत्त झाल्या तरी नदीवर येत राहिल्या. वेगळ्या राज्यासाठी बंद पुकारले जात, बसगाड्या उभ्या राहत, तेव्हा त्या कंपाउंडरच्या मोटरसायकलवर मागे बसून, पदर घट्ट खोचून यायच्या. पुढे त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला. दवाखान्यात भेटायला गेलो की त्या आपल्या दुखण्याबद्दल एक वाक्य बोलत आणि नदीबद्दल दहा. एका दुपारी, मुलीशी बोलता बोलता, त्या गेल्या.

बुद्धविहारात शोकसभा झाली. ऑफिसातली माणसं आली, कॉलेजातली आली. बेल्याकडून किसन, पार्बता आणि गावातले बरेच लोक आले होते. मागे सतरंजीवर दाटीनं बसले होते. राव सर चांगलं बोलले. मग बाईंच्या मुलीनं किसनला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यानं कधी माईक हातात धरला नव्हता. तो उभा राहिला, आधी माईककडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"बाई आमच्या गावच्या नव्हत्या," तो म्हणाला. "जातीच्या नव्हत्या, नात्यातल्या नव्हत्या. माह्याकडून चूक झाली होती. त्या भांडाले आल्या असत्या तं मी भी भांडलो असतो. पन त्या माह्याजवळ येऊन बसल्या."

माईक कुणाच्या हातात द्यायचा हे त्याला कळेना. तो तसाच हातात धरून किसन आमच्याजवळ येऊन बसला.