चिमटीत धरलेला जावई

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट चिमटीत धरून ओढून पाहिल्याशिवाय खरी मानलेली नाही. त्यात माणसं आली, जिलब्या आल्या, आणि मी स्वतः आलो. माझ्या लग्नात थोरले जावई म्हणून ते पहिल्या रांगेत बसले होते. मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझ्या कोटाच्या बाहीतून एक धागा उपसला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात ताणला, खिडकीकडे धरला आणि सासऱ्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "भेसळ आहे. पण टिकेल." सासरे कोटाबद्दल समजले की माझ्याबद्दल, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

साडूंना सगळे नाना म्हणतात. जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते चाळीस वर्षं कापसाची प्रत ठरवत होते. सरकी काढलेल्या रुईचा पुंजका घ्यायचा, दोन चिमट्यांत धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब ते पाहायचं, कारण जितका लांब तितका माल चांगला, आणि मग तो उत्तरेच्या उजेडात धरून रंग बघायचा. उत्तरेचाच का, तर पूर्वेचा उजेड सकाळी खोटं बोलतो आणि पश्चिमेचा संध्याकाळी, असं त्यांचं मत. डागाळलेल्या, किडक्या कापसाला कवडी म्हणतात. ती हजार किलोंत मूठभर असली तरी नानांच्या बोटांना सापडायची. नोकरी संपली, पण बोटं निवृत्त झाली नाहीत. दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी कापसाचा बोळा काढला, तर नानांनी तो हातातून घेऊन ओढून पाहिला. "आखूड धागा. हा माझ्या दंडाला लावू नका." डॉक्टर म्हणाले, "नाना, पुसून झालं की टाकूनच द्यायचाय." नाना म्हणाले, "म्हणून काय काहीही?" शेवटी घरून बोळा आणवला, तोवर त्यांचा ताप आपला आपण उतरून गेला. कुणाकडे मुक्कामाला गेले की यजमानांची उशी उसवून आतला माल पाहतात. पुन्हा शिवूनही देतात, हे मात्र सांगायला हवं. आणि हिंडतात सायकलवर. काळी, उंच, दांडीची सायकल. "मोटारीत बसलं की गाव दिसतं," ते म्हणतात, "पण कळत नाही."

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, धुळ्याला शिकत असताना एक मुलगा पसंत केला, आणि तो मुलगा वाईन करत होता. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला त्याची छोटी वायनरी होती. आमच्या अक्का, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, यांनी डोक्याला हात लावला. "दारूवाल्याच्या घरात पोरगी द्यायची? आपल्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन घेतात!" भाची शांतपणे म्हणाली, "बाबा नाही म्हणाले तर मी त्याच्याशी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." आणि सगळं घर नानांच्या तोंडाकडे बघू लागलं. नानांनी अर्धा तास चिमटी चोळली आणि म्हणाले, "रविवारी माल बघून येतो. मग सांगतो."

मला बरोबर घेतलं ते माझ्या बायकोच्या हुकमाने. "नानांवर लक्ष ठेवा," ती म्हणाली. नानांवर लक्ष ठेवणं म्हणजे वाऱ्याला दावं लावणं, पण मी एक जुनी सायकल मागून आणली. नानांनी बेत आखला होता तो असा: एका गाठीवरून प्रत ठरत नसते, तुलनेला दोन गाठी फोडाव्या लागतात, तेव्हा आधी दुसऱ्या दोन वायनऱ्या बघायच्या आणि मग मुलाची. ओळख द्यायची नाही. वाटाड्या घ्यायचा नाही. कुणाला रस्ता विचारायचा नाही, कारण खानदेशात रस्ता विचारला की विचारणारा कुणाचा कोण हे आधी सांगावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या घरी बातमी जाते. केळीच्या रिकाम्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही एरंडोलला उतरलो आणि नानांनी खिशातून स्वतः काढलेला नकाशा काढला. त्यावर एकही गाव नव्हतं. सगळ्या खुणा जिनिंग फॅक्टऱ्यांच्या होत्या. या जिनिंगहून डावीकडे, त्या जिनिंगहून उजवीकडे.

एका तासात आम्ही एकाच पेट्रोल पंपाला तीनदा भेट दिली. पंपाशेजारच्या पारावर एक म्हातारेबाबा बसले होते, त्यांना तिसऱ्या फेरीला राहवलं नाही. "कथा चालनात भाऊ?" कुठे निघालात, असं त्यांनी अहिराणीत विचारलं. नानांनी नकाशात डोकं खुपसलं. मी म्हणालो, "बाबा, इथे एक जिनिंग होती ना?" बाबा हसले. "ती कधीनी बंद व्हई गयी! आते तठे लग्नाना लॉन शे." नानांनी नकाशाकडे पाहिलं, लॉनच्या कमानीकडे पाहिलं, आणि खिशातून पेन्सिल काढून त्या जिनिंगवर हलकेच एक फुली मारली. संध्याकाळपर्यंत अशा सहा फुल्या झाल्या. प्रत्येक फुलीला ते सायकलवरून उतरत होते.

पहिली वायनरी केळीच्या वाईनची. पांढरा कोट घातलेल्या एका चुणचुणीत मुलीने ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते भुसावळहून आलेल्या पाचसहा जणांना समजावून दिलं. नानांनी ग्लास घेतला आणि सरळ बाहेर अंगणात जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले. हीच पद्धत असावी असं समजून भुसावळकर मंडळी मागोमाग आली आणि रांगेत उत्तराभिमुख झाली. नानांनी वाईनमध्ये दोन बोटं बुडवली, चिमटी चोळली, हळूहळू उघडली. "धागा नाही," ते म्हणाले.

"सर, ती तोंडाने घ्यायची असते," मुलगी म्हणाली.

"तोंड लाचखाऊ असतं, ताई. गोड मिळालं की होकार देतं. बोटं लाच घेत नाहीत."

निघताना मागे वळून पाहिलं तर भुसावळकर चिमट्या चोळत एकमेकांना धागा दाखवत होते. नाना थेंबही पीत नाहीत. पण भरलेला ग्लास टाकायचा नाही हेही त्यांचंच तत्त्व, त्यामुळे त्यांचा वाटा माझ्याकडे आला. मी दोन्ही वाटे कर्तव्यबुद्धीने संपवले. पुढच्या रस्त्यावर माझ्या सायकलने आपली मतं मांडायला सुरुवात केली, तेव्हा मी ती हातात धरून चालत नेली.

दुसरी वायनरी जांभळाची, शेतातल्या एका शेडमध्ये. मालक वांगी भाजत बसले होते. "वाईनचं राहू द्या भाऊ, ती कुठे पळत नाही. भरीत गरम आहे तोवर खा." आम्ही बांधावर बसून भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली, आणि नानांनी हळूच विषय काढला, जसा स्थळाची चौकशी करताना शेजारच्या घरी काढतात तसा. "ते पारोळ्याच्या पुढचं वाईनवालं पोरगं कसं आहे हो?"

"पोरगं चांगलं. पण थोडं सटकेल," मालक म्हणाले. "टाकीला कान लावून बसतं. मशीन आणलंय, मीटर आणलंय, पण म्हणतं, मला कानाने कळतं."

नानांचा घास हातात थांबला. "कानाने?" ते म्हणाले, आणि घास भाकरीवर ठेवून चिमटी चोळू लागले. मला धोक्याची जाणीव झाली. नाना वेड्यांच्या बाबतीत फार कडक. त्यांना बरोबरीचा वेडा लागतो.

तिसऱ्या वायनरीवर पोचलो तेव्हा फाल्गुनातलं ऊन असं तापलं होतं की माझी टाळू तव्यासारखी झाली होती. मुलगा खरोखरच एका स्टीलच्या टाकीला कान लावून डोळे मिटून उभा होता. आम्हाला पाहून पुढे आला. "या काका, बसा." नाना बसले नाहीत. त्याने ग्लास पुढे केला. "नको." द्राक्षं पुढे केली. "नको." मग त्याने तांब्याभर पाणी आणि पेला आणला. नानांचे ओठ सुकले होते, गळ्याची घाटी वर-खाली होत होती. ते म्हणाले, "पाणीही नको."

मुलगा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. एकदा नानांकडे पाहिलं, एकदा दारातल्या धुळीने माखलेल्या दोन सायकलींकडे. मग हळूच म्हणाला, "काका, इथे वाईन नको म्हणणारे पुष्कळ येतात. पण या उन्हात सायकल हाणत येऊन पाणी नको म्हणणारा माणूस एकच असू शकतो. मुलीचा बाप."

आमच्याकडे मुलीच्या सासरचं पाणी बाप पीत नाही. सगळी ओळख लपवली, जिनिंग शोधत मैलोन् मैल हिंडलो, आणि नाना पकडले गेले ते पाण्याच्या पेल्यावर! केळीच्या वाईनच्या दोन ग्लासांमुळे असेल, मला हसू आवरेना, आणि उरलंसुरलं गुपित तिथेच सांडलं. नाना मात्र लालबुंद. जे घर अजून मुलीचं ठरलंच नव्हतं, तिथलं पाणी नाकारून त्यांनी आपलं मन आधीच उघड केलं होतं. ते मुलालाही कळलं आणि नानांनाही, दोघांना एकदमच.

मुलगा हसला नाही. त्याने वाकून नानांच्या पायांना हात लावला आणि तांब्या पुन्हा पुढे केला. "घ्या काका. हे पाणी आमचं नाही. टँकरचं आहे."

नानांनी पेला घेतला. बाहेर गेले. उत्तरेच्या उजेडात धरला. आणि एका दमात रिकामा केला, मग दुसरा, मग तिसरा. परत येऊन त्यांनी मुलाचा हात धरला, अंगठ्याजवळची कातडी चिमटीत घेऊन चोळली. टाक्या धुऊन धुऊन ती खरखरीत झाली होती. "टाकीत काय ऐकू येतं रे?" त्यांनी विचारलं.

"आंबतंय की थांबलंय ते कळतं. मीटर सांगतं दुसऱ्या दिवशी."

नानांनी टाकीला कान लावला. मुलाने दुसऱ्या बाजूने लावला. पाचदहा मिनिटं सासरा-जावई स्टीलला चिकटून उभे होते आणि मध्ये मी; माझ्या कानात वेगळंच काही वाजत होतं. तिथूनच नानांनी अक्कांना फोन लावला. एवढंच म्हणाले, "कवडी नही. माल बठ्ठा चोख शे," आणि सगळा माल चोख म्हणजे नेमकं काय, हे अक्का विचारायच्या आत फोन ठेवून टाकला.

लग्न झालं. अक्कांनी जावयाच्या धंद्याचं नाव 'फळप्रक्रिया' असं ठेवलं. नाना महिन्यातून एकदा टेम्पोत सायकल टाकून तिकडे जातात, पारोळ्यापासून पायडल मारत. पहिल्या वर्षी टँकरचं पाणी मजेत प्यायचे. मग जावयाने बोअर घेतली आणि पाणी लागलं. सगळ्या घराने पेढे वाटले. नानांना ती आनंदाची बातमी महाग पडली, कारण आता पाणी घरचं झालं. नातवंड होईपर्यंत ते चालणार नाही. तेव्हापासून ते आपली बाटली सायकलला बांधून नेतात आणि फाटकाजवळच्या निंबाखाली बसून पितात.

गेल्या महिन्यात मीही गेलो होतो. भाची सवयीने पेला भरून घेऊन आली. "बाबा, घ्या ना एकदा. कोण बघतंय?" नाना म्हणाले, "तू बघतेस ना, माय." ती पेला तसाच धरून उभी राहिली. बोअरचं पाणी गार होतं, पेल्याला बाहेरून घाम आला होता. नानांनी हात पुढे केला, पेल्यावरचा एक थेंब चिमटीत घेतला, उत्तरेकडे वळून बोटं हळूहळू उघडली, आणि बराच वेळ बघत राहिले.

"काय म्हणतोय माल?" मी विचारलं.

"लांब धागा आहे," ते म्हणाले, आणि ओली बोटं सदऱ्याला न पुसता तशीच मिटून घेतली.