उधाणात मासा काठाला असतो

कुलकर्णीसाहेब कंबरभर पाण्यात उभे होते आणि मासे त्यांच्या पाठीमागे होते. मला काठावरून शेपट्यांची टोकं दिसत होती. साहेब मात्र समोर, खोल पाण्याकडे दोर फेकत होते.

मी हनीफ. गाव बाणकोटकडचं, नोकरी कुवेतमध्ये, शहरातल्या शर्क भागात, मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात. फ्लाय फिशिंगचा गाईड मीच. या प्रकारात आमिष नसतं, शिशाचं वजनही नसतं. हूकवर पिसं बांधून खोटा किडा करायचा, तो फ्लाय. तो एवढा हलका, की जाड दोराच्या वजनावरच फेकावा लागतो. सगळं मनगटाचं काम. आमच्या दुकानातले फ्लाय मी बांधतो, आणि चांगले बांधतो.

साहेब बँकेत. मूळ पुण्याचे, पक्के शाकाहारी. हा नाद त्यांना कॅनडाच्या पोस्टिंगमध्ये लागला. मासा धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. आमच्या गावात कुणी असं केलं तर त्याला आधी डॉक्टरकडे नेतील. कुवेतमध्ये मात्र त्यांना एकही मासा लागला नव्हता, आणि आता बदली झाली होती. हा शेवटचा शुक्रवार. माझं कुठलंही गिऱ्हाईक आजवर हा देश रिकाम्या हाताने सोडून गेलेलं नाही. त्यामुळे टेन्शन त्यांच्याइतकंच मलाही होतं.

आदल्या दिवशी आमचे मालक अबू फहद म्हणाले, "हनीफ, कल बडा पानी है. फ्लाय छोडो. बोट में ले जाओ, झिंगा लगाओ, एक मछली दे दो. खलास."

"अरबाब, उनको फ्लाय पे मछली चाहिए."

"नहीं मिला तो?"

"तो मेरा नाम खराब."

"और मेरी दुकान का," ते पुटपुटले. पण गाडीची चावी दिली.

बडा पानी म्हणजे उधाण. पौर्णिमा-अमावास्येला भरती जास्त चढते, एरवी कोरडा असणारा चिखलही बुडतो. पाणी गढूळ, ओढ जबर. अशा दिवशी इथे कुणी फ्लाय काढत नाही. मला मात्र असाच दिवस हवा होता. खाडीच्या काठावर वाढलोय मी. उधाणात मासा धारेशी झुंजत बसत नाही. तो काठाला येतो आणि नव्याने बुडालेल्या चिखलातल्या कुर्ल्या, करंद्या डोकं खाली, शेपटी वर करून वेचून खातो. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत साहेब समुद्र बघून तडक आत शिरले होते.

"साहेब, बाहेर या!"

"अहो, इथून दोर लांब जातोय!"

"जातोय, पण मासा जवळ आहे. कॅनडात बर्फ वितळून नदीला पूर आला, की कुठे उभे राहायचात?"

"काठावर. पुरात मासा काठालाच..." साहेब थांबले. हळूच मागे वळून त्यांनी पाहिलं. "अरे देवा!"

"मग ही नदीच समजा."

लांबून वळसा घालून ते बाहेर आले. आम्ही दोघं उकिडवे बसलो. पहिला फ्लाय थेट माशाच्या डोक्यावर आदळला आणि तो पळाला. साहेब भराभर दोर ओढून पुन्हा फेकायला निघाले. भरती आता टच्च भरली होती; ओहोटी लागली की मासा निघून जाणार.

"घाई नको. ती बघा दुसरी शेपटी. तिच्या पुढे, हातभर."

या वेळी फ्लाय अलगद पडला. शेपटी वळली. दोर ताणला गेला आणि रील किंचाळली.

इथला शेम मासा होता. चंदेरी, पिवळ्या परांचा, चांगला भरलेला. साहेबांनी तो पाण्यातच दोन्ही हातांनी धरला, डोळे भरून पाहिला आणि सोडला.

"हनीफभाई, बघितलंत ना?"

"बघितलं, साहेब." माझा ऊर भरून आला. अभिमान वाटला. थोडा त्यांचा, जास्त माझा. फ्लाय मी बांधलेला होता.

दुकानात अबू फहदनी विचारलं, "मछली किधर है?"

"पानी में."

त्यांनी कपाळाला हात लावला. पण आता उधाणाच्या दिवशी चावी ते न मागता देतात.

या धंद्यात एक गोष्ट शिकलो. उधाणात मासा काठाला असतो आणि गिऱ्हाईक मधोमध. गाईडचं काम गिऱ्हाईकाला बाहेर काढणं. मासा आपला आधीच आलेला असतो.