यमुनाअक्कांच्या लिली

यमुनाअक्का नव्या मुलीला गुण विचारत नसत. "फांदी कुठली आणलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. धुळ्याच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. प्रवेशाच्या पत्रातच त्या लिहीत, की ट्रंक, गादी आणि घरच्या एखाद्या झाडाची फांदी सोबत आणावी. माझ्या वडिलांनी, आबांनी, ते पत्र दोनदा वाचलं. आमची सावद्याला केळीची शेती. "आता काय केळीचा खांब घेऊन एसटीत बसू?" असं म्हणून त्यांनी मला रिकाम्या हातांनी आणून सोडलं.

अक्कांनी कमरेला खोचलेली लहान कात्री काढली, आपल्या मनी प्लांटचा एक तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. "ही गाठ पाण्यात बुडली पाहिजे, पान नाही. मुळं गाठीतूनच फुटतात. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदल, कोळशाचा एक खडा टाक, म्हणजे वास येत नाही."

वसतिगृहाच्या प्रत्येक खिडकीत अशा बाटल्या होत्या. खोबरेलाच्या, औषधाच्या, शाईच्या दौतीसुद्धा. पानफुटीचं नुसतं पान ओल्या मातीवर ठेवलं तरी त्याच्या कडेला रोपं फुटायची, त्यामुळे ती तर सगळ्या मजल्यांवर पसरली होती. माझी खोलीसोबतीण रोज फांदी बाहेर काढून मुळं आली का ते पाहायची. अक्कांनी एकदा तिला पकडलं. "अगं, ताप पाहिल्यासारखं सकाळ-संध्याकाळ काय काढतेस? तिला जरा एकटी राहू दे." एरवी त्या शुद्ध मराठीत बोलत, पण माया दाटली की त्यांच्या साक्रीकडची अहिराणी बाहेर यायची. पहिल्या आठवड्यात मी रडत होते, तेव्हा शेजारी बसून म्हणाल्या, "रडू नको, पोरी. ती फांदी दख, जीव धरी ऱ्हायनी." खरंच, गाठीतून पांढरा ठिपका निघाला होता.

मी दुसऱ्या वर्षाला असताना जानेवारीत आबांचं पोस्टकार्ड आलं. फैजपूरचं स्थळ आहे, मुलीला न्यायला येतो, सामान बांधून ठेवावं. कार्ड अक्कांच्या हातातूनच माझ्याकडे आलं. मी दोन दिवस नीट जेवले नाही. मला बीएस्सी पुरी करायची होती, आणि हे आबांना सांगण्याची माझी छाती नव्हती.

आबा आले ते ट्रंक बांधायची दोरी घेऊनच. "पोरीले न्याले आलो," त्यांनी दारातच सांगितलं.

अक्कांनी वाद घातला नाही. "बसा भाऊ, चहा घ्या. तुम्ही केळीवाले, कंदातलं तुम्हाला कळतं. माझ्या लिली जरा पाहता का? फूलच धरत नाहीत."

व्हरांड्यात लाल लिलीच्या सहा कुंड्या होत्या. आबांनी बोटानं माती उकरली आणि त्यांचा पारा चढला. "हा कांदा तं पार गाडेल हाये. याची मान बाहेर ठेवा लागते. अन् हे पिलं पाह्यले का? मायले जागाच नई ठेवली."

त्यांनी बाह्या सरसावल्या. कुंड्या उपड्या केल्या, मोठ्या कांद्यांना चिकटलेली लहान पिलं अलगद सोडवली, सडकी मुळं छाटली. अक्का वाळू आणि शेणखत हाताशी देत होत्या, मी खांबाशी उभी होते. देता देता सहज म्हणाल्या, "शैलाचा पहिल्या वर्षाचा निकाल पाहिलात ना? कॉलेजात दुसरी आली."

आबांचे हात थांबले. "पास झाली येवढंच लिव्हलं होतं तिनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून नई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही, आबा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मला शिकायचंय. बीएस्सी पूर्ण झाल्याशिवाय मला यायचं नाही."

आबा शेवटच्या कुंडीतली माती दाबत राहिले. मग अक्कांना म्हणाले, "पानी बेतानं द्या. चैतात फूल येईन."

"मग चैत्रात पाहायला या. तोवर पोर इथंच राहू दे."

आबांनी हात धुतले, दोरी पिशवीत टाकली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

चैत्रात सहातल्या चार कुंड्या फुलल्या. आबा केळीची फणी घेऊन आले आणि भेटेल त्या मुलीला कांदा कसा लावायचा ते शिकवत सुटले. फैजपूरचे लोक थांबले नाहीत, आबांनीही त्याचं दुःख केलं नाही. मी बीएस्सी झाले, पुढे शिक्षिका झाले.

निवृत्तीनंतर अक्का साक्रीजवळच्या आपल्या गावी राहायला गेल्या. एकदा मी भेटायला गेले. घराला लागूनच भावाचं कांद्याचं शेत. ते पाहून मी म्हटलं, "अक्का, तुम्ही कांद्यात वाढलेल्या. मग लिलीचा कांदा गाडला कसा?"

त्या गालात हसल्या. "कार्ड आल्यावर मीच वरून माती टाकली. पिलं मात्र खरी होती हं. अगं, माणसाचे हात कामात असले की कान उघडतात. दोरी हातात धरून बसलेल्या माणसाला काय सांगणार?" मग म्हणाल्या, "आबांना सांगू नकोस. वाईट वाटेल त्यांना."

मी सांगितलंच. आबा तेव्हा सावद्याच्या घरी ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मान वरसुद्धा न करता म्हणाले, "वरची माती भुसभुशीत होती. मले तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"येवढी शिकेल बाई माह्या पोरीसाठी येवढी खटपट करते," आबा म्हणाले, "तं म्हटलं, आपन बसून आयकून तं घ्यावं."